पाय उचलला की बंद!

१९९७ च्या दसऱ्याला मी माझ्या जीपला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं कायमची बंद करणार होतो. तसं सायखेड्याच्या पारावर चार माणसांत जाहीरही करून टाकलं होतं. तिथंच चुकलं!

जीप जुनी, पेट्रोलवरची. तिचा मूळ कार्ब्युरेटर गेला तेव्हा मी एका थोरल्या मोटारीचा काढून तिला बसवला. तान्ह्या पोराला आजोबांची कवळी बसवावी तसा तो बसला. ॲक्सिलरेटरवर पाय आहे तोवर इंजिन म्हणजे वाघ. पाय उचलला की बंद! गतिरोधक आला, बंद. म्हैस आडवी आली, बंद. मग माझी बायको कुसाबाई नऊवारीचा ओचा खोचून खाली उतरायची आणि ढकलायची. तीन वर्षांत तिनं ही जीप जेवढी ढकलली, तेवढी मी चालवलीही नसेल.

पंचवटीत माझ्या साडूचं, झुंबरचं, गॅरेज आहे. तो म्हणायचा, "पुंजाभाऊ, भंगारात द्या ही. कोंबड्या तरी बसतील तिच्यात."

"अरे, पाय उचलल्यावर इंजिन चालू ठेवणारा आयडलिंगचा स्क्रू तेवढा जमवायचा राहिलाय!"

"तीन वर्षं तेच फिरवताय. स्क्रूला भोवळ आली असंल आता!"

शेवटी कुसाबाईनं निकाल दिला. "दसऱ्याला सायखेड्याहून पंचवटीत माझ्या बहिणीच्या, नवसाच्या, दारापर्यंत एकदाबी बंद न पडता नेली, तर राहील. मधी बंद पडली, तर तिथूनच भंगारात. बहिणीच्या गल्लीत मी जीप ढकलत शिरणार नाय!"

मी म्हटलं, मंजूर! कारण मी आता शिकलेला माणूस होतो. पन्नाशी उलटल्यावर साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली होती आणि मोटार दुरुस्तीचं पुस्तक बोट ठेवून थेट चाळिसाव्या पानापर्यंत वाचलं होतं. कार्ब्युरेटर एक्केचाळिसाव्या पानावर सुरू होतो, हे फार पुढं कळलं.

दसऱ्याला पहाटे उठून स्क्रू अडीच फेरे फिरवला आणि बॉनेट उघडंच ठेवून आंघोळीला गेलो. तेवढ्यात कुसाबाईनं जीपची पूजा उरकली. बाहेर येऊन किल्ली फिरवली, तर इंजिन असं गर्जलं की शेजारच्या धोंडाबाईची शेळी दावं तोडून उसात शिरली! पाय उचलला. चालूच! दोन्ही पाय उचलले. चालूच!

"पाहिलंस? याला म्हणतात वाचन!"

कुसाबाईनं बॉनेटला हात जोडले आणि ती शेजारी येऊन बसली.

चांदोरीपर्यंत मी राजा होतो. पुढं ध्यानात आलं, की जीप बंद पडत नाही हे खरं, पण ती हळूही होत नाही. मांडी घालून बसलो असतो तरी ती पंचवटीला गेली असती. ब्रेक दाबला तर चिडायची, क्लच दाबला तर किंचाळायची.

"अवो, जरा दमानं!"

"मी काहीच करत नाहीये!"

"मग कोण करतंय?"

किल्ली बंद करावी तर पैज गेली, जीप गेली. रस्त्यात जयराम गुरुजी, मला अक्षरं शिकवणारे, हात दाखवत उभे. मला वाटलं, त्यांना बसायचंय. मी ओरडलो, "गुरुजी, थांबता येत नाय, पळा!" सत्तरीचा माणूस धोतर सावरत पळाला. कुसाबाईनं त्यांना दंडाला धरून मागून आत ओढलं. फळीवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "पुंजा, मी फक्त राम राम करत होतो रे! मला कुठंच जायचं नव्हतं!"

औरंगाबाद नाक्यावर पोलिसानं अडवलं. मी ब्रेक आणि क्लच जीव खाऊन दाबले. जीप जागच्या जागी थरथरत त्याच्या तोंडावर गर्जली.

"कुणावर गुरकावतो रे?"

"मी नाही साहेब, ही!"

"बंद कर आधी!"

"बंद केली तर भंगारात जाईल हो!" कुसाबाई म्हणाली.

"आणि मी घरी कसा जाऊ?" मागून गुरुजी.

पोलिसानं तिघांकडं पाहिलं, धुरानं काळवंडलेलं तोंड पुसलं आणि हात जोडले. "जा बाबा. सणाचा दिवस आहे."

झुंबरच्या दारापर्यंत पोचलो खरा. थांबलो मात्र दारासमोरच्या झेंडूच्या ढिगात शिरून. किल्ली मी स्वतः, सगळ्यांच्या देखत बंद केली. छाती पुढं काढून म्हणालो, "एकदाही बंद पडली नाही!"

झुंबरनं फुलं बाजूला सारली, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून हसायलाच लागला. कार्ब्युरेटरची पेट्रोल सोडणारी दांडी शेजारच्या नळीशी पूजेच्या लाल नाड्यानं बांधलेली! सात फेरे आणि वर दोन गाठी. दांडी मागं येणार कशी?

"अक्का, हे तुमचं काम?"

"पूजा केली मी. ते लटपटत होतं. निखळून पडंल म्हणून आवळलं. वडाला बांधते तसं. म्हटलं, देवा, हिला बंद पडू देऊ नको."

झुंबरनं नाडा कापला. "आता बघा, स्क्रूवर कसं जमवतो." त्यानं तास घालवला. पाय उचलला की बंद! मी पुस्तकातलं सांगितलं. बंद! नवसाबाई दोनदा जेवायला हाक मारून गेली.

शेवटी कुसाबाई उठली. "सरका दोघंबी." तिनं नवा नाडा घेतला, तीन फेरे दिले, कान लावला, एक सोडला. कीर्तनाआधी वीणा लागावी तसं इंजिन लागलं. आम्ही दोघं आपापले लोखंडी पाने घेऊन उभे.

जीप राहिली. पैज मीच जिंकलो, हे मी अजून सांगतो. पण झुंबरच्या गॅरेजात कुणाचं आयडलिंग जमेना झालं, की तो म्हणतो, मेस्तरीण सायखेड्याला राहते.

परवा निफाडचा एक गडी बंद पडणारी फटफटी ढकलत आमच्या दारात आला. मी पाना आणि पुस्तक घेऊन लगबगीनं पुढं झालो.

"राहू द्या बाबा," तो म्हणाला, "बाई हायेत का घरात?"

मी आत हाक मारली.