टांगलेली बंगई

बदलीच्या वेळी माणसानं घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच शब्द म्हणायचा असतो, "नाही." मी "बरं" म्हणालो. पुढचं सगळं त्या "बरं"मुळं झालं.

साल पंचावन्न. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात होतो आणि आमची राजधानी नागपूर होती. ब्रह्मपुरीच्या जंगल खात्याच्या कचेरीत अकरा वर्षं दुय्यम क्लार्क म्हणून घासल्यावर मला बढती मिळाली. आलापल्लीला हेडक्लार्क! ऑर्डरमध्ये लिहिलं होतं, अठरा एप्रिल, सोमवार, दुपारी बाराच्या आत रुजू व्हावे. न झाल्यास यादीतील पुढील इसमास बोलावण्यात येईल. पुढील इसम म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा भैयाजी. त्यानं ट्रंक भरून तयार ठेवली होती (हे त्यानंच मला सांगितलं, वर पेढाही मागितला).

बायको बाळंतपणाला माहेरी होती. घरात मी आणि माझी माय, भागीरथाबाई. मायनं ऑर्डर ऐकून घेतली आणि विचारलं, "बंगई कुठी टांगशीन?"

बंगई म्हणजे आमच्या घरातला झोपाळा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड अशी अख्ख्या सागवानाची एकच फळी, चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या. बाबांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आणलेली. माय त्याच्यावर बसून लाखोळीची डाळ निवडायची, दुपारी तिथंच कलंडायची, शेजारणींची भांडणं तिथूनच मिटवायची (आणि लावायचीसुद्धा). बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली होती, पण ती अजून डाव्या अर्ध्यावरच बसायची. उजवी बाजू रिकामी ठेवायची. तिथं कुणी बसलं की तिला काही तरी काम आठवायचं आणि बसणाऱ्याला उठावं लागायचं. मीही तिथं कधी बसलो नव्हतो.

"माय, आलापल्लीला सागवान काय कमी आहे? तिथं दुसरी करू."

"मंग मायही दुसरी कर. ते फळी नाई येत तं मी नाई येत."

मी "बरं" म्हणालो.

ट्रक फुकटात मिळाला. लाकडं आणायला रिकामा आलापल्लीला जाणारा एका ठेकेदाराचा ट्रक होता, लढाईनंतरच्या लिलावातला, वर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी असलेला. ड्रायव्हर बिरजू. रविवारी सकाळी सामान चढवलं. ट्रंका, तांदळाची पोती, लोणच्याची बरणी, माझी शाईची मोठी बाटली, आणि सगळ्यांच्या खाली, उताणी पाडलेली बंगई. माय पुढं बिरजूशेजारी बसली आणि सिंदेवाहीपर्यंत त्याच्या घरच्या सगळ्या माणसांची चौकशी करून झाली. मुक्काम मूलला केला. सोमवारी पहाटेच निघून आष्टीला वैनगंगा ओलांडली. उन्हाळा होता, पाणी कमी. आठ वाजले होते. आलापल्ली बावीस मैल. मी खिशातली ऑर्डर चाचपली आणि भैयाजीची ट्रंक आठवून मनाशी हसलो.

नदीपलीकडं थोडं गेल्यावर जंगल खात्याचा नाका लागला. आडवा बांबू, एक झोपडी आणि एक नाकेदार. त्याचं नाव डोमा. अंगात खाकी कोट, पायात काही नाही, हातात रजिस्टर. मी खाली उतरून ऐटीत म्हणालो, "आपल्याच खात्याचा आहे. घरसामान आहे."

"हो जी सायब. रामराम," डोमा म्हणाला, आणि ट्रकवर चढला. पोती सरकवली, ट्रंका सरकवल्या आणि थांबला. "सायब, हे फळी कायची?"

"बंगई आहे."

"पास दाखवा."

आता सांगतो आणि तुम्ही हसा. अकरा वर्षं सागवानाचे वाहतूक-पास मी लिहीत आलो. पासाशिवाय कुणाची खुंटीसुद्धा मी ब्रह्मपुरीबाहेर जाऊ दिली नाही. पण बंगईचा पास काढायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्याकडं जन्मभर मी माय बसते ती जागा म्हणूनच पाहिलं होतं, लाकूड म्हणून पाहिलंच नव्हतं.

"अरे डोमा, साग आलापल्लीहून बाहेर जातो. आत कोण चोरून नेईल?"

"तेच तं मले समजून नाई राह्यलं जी," डोमा गंभीरपणे म्हणाला. "म्हणूनच मले शंका येऊन राह्यली."

"पण हे फर्निचर आहे! फर्निचरला पास लागत नाही."

डोमा मला झोपडीत घेऊन गेला. कुडाच्या भिंतीवर भाताच्या पेजेनं चिकटवलेलं एक सर्क्युलर होतं. त्यानं चौथ्या कलमावर बोट ठेवलं आणि पाठ असल्यासारखं म्हटलं, "छतास टांगलेली बंगई हे फर्निचर समजावे. उतरविलेली बंगई ही चिरीव सागवान फळी समजून, पास नसल्यास, जप्त करावी."

ते कलम मी लिहिलं होतं.

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं लग्नघरच्या म्हणून बेचाळीस बंगया गाडीत घालून नेल्या होत्या. फळ्यांना नुसत्या कड्या ठोकल्या की झाली बंगई! तेव्हा साहेबांनी मला मसुदा करायला सांगितला, आणि मी तीन दिवस खपून हे कलम काढलं. साहेब म्हणाले होते, वा. त्या "वा"वर मी दोन वर्षं जगत होतो.

"ज्यानं हे लिवलं ना सायब," डोमा भक्तिभावानं म्हणाला, "तो लय डोकेबाज मानूस असन. याच्यातून कोनालेच सुटता नाई येत."

(खरं सांगतो, त्याही स्थितीत मला बरं वाटलं.)

माय मागून येऊन दारात उभी होती. "कोन डोकेबाज? हा?" ती म्हणाली. "अरे बाबा, हे यानंच लिवलं. रातरात जागे. याले मीच चहा करून दिवो."

डोमानं दोन पावलं मागं सरून मला सलाम ठोकला. मला वाटलं, सुटलो.

"मंग तं सायब तुमाले सोडताच नाई येत," तो म्हणाला. "तुमीच मोडलं तं आमी कायले पाळाव?"

मी समजावलं. विनवलं. साडेआठ झाले, नऊ झाले. तो मला पाणी देत होता, बसायला घोंगडी देत होता, फक्त फळी देत नव्हता. बिरजू म्हणाला, "छोड दो ना बाबूजी, लकडी है." मीही शेवटी मायजवळ गेलो. "माय, नोकरीचा प्रश्न आहे. बारा वाजले की भैयाजी हेडक्लार्क. इथं ठेवून जाऊ, पास आणून मग सोडवून नेऊ."

मायनं माझ्याकडं पाहिलं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तू जाय. तुही नोकरी आहे. मी बसतो इथी फळीपाशी." आणि खरंच पदर खोचून ट्रकच्या मागच्या फळक्यावर बसली. मला स्वतःची लाज वाटली. बायको, बढती, भैयाजी, सगळं एका बाजूला आणि ती उजवी रिकामी बाजू एका बाजूला. मी सर्क्युलरला, म्हणजे स्वतःलाच, मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तेवढ्यात माय म्हणाली, "का रे डोमा, टांगली तं फर्निचर ना?"

"हो बाई."

"मंग टांग."

"कुठी?"

मायनं बोट वर केलं. ट्रकच्या लोखंडी कमानींकडं.

डोमा झोपडीत गेला, कलम पुन्हा वाचून आला. "छतास लिवलं आहे," तो म्हणाला. कमानींकडं पाहिलं. बिरजूनं झटकन ताडपत्री ओढून घेतली. झालं छत! आम्ही तिघांनी मिळून सामान कडेला रचलं आणि बंगई कमानींना टांगली. डोमानं आधी स्वतः बसून दोन झोके घेतले, डोळे मिटले, आणि निकाल दिला, "हां. हे फर्निचर आहे."

मग त्यानं रजिस्टरमध्ये लिहून मला चिठ्ठी फाडून दिली. ती अजून माझ्याकडं आहे. "टांगलेली बंगई एक नग. वर बसलेली बाई एक नग. रस्त्यात बंगई खाली उतरल्यास फळी समजून जप्त करावी. बाई उतरल्यास हरकत नाही."

पावणेदहाला निघालो. त्या रस्त्याला तेव्हा रस्ता म्हणायची पद्धत होती म्हणून म्हणतो. बंगईवर कुणी नसलं तर ती मोकाट सुटून सामान फोडायची, म्हणून मायला बसावंच लागलं आणि मला तिच्याजवळ मागं. डावं वळण आलं की माय फळीसकट माझ्यावर यायची. पहिल्या वळणाला तीन इंची सागवान माझ्या गुडघ्याला लागलं. दुसऱ्या वळणाला शाईची बाटली फुटली आणि रुजू व्हायला घातलेला पांढरा सदरा अर्धा निळा झाला. तिसऱ्या वळणाला मी खाली वाकलो होतो, त्यामुळं कपाळाला लागलं.

"कायले मार खाऊन राह्यला?" माय म्हणाली. "बस इथी."

तिनं उजव्या बाजूवर हात ठेवला.

मी बसलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या जागी कुणी बसलं होतं आणि तिला काही काम आठवलं नाही. आम्ही मायलेक कड्या धरून झोके घेत सागाच्या जंगलातून चाललो होतो, आणि मला वाटलं, बारा वाजले तर वाजू देत. (हा विचार फार तर अर्धा मैल टिकला. मग मी बिरजूला जोरात हाक मारली, "घड्याळ बघ!")

बाराला सात मिनिटं कमी असताना ट्रक आलापल्लीच्या कचेरीसमोर थांबला. पासांसाठी वीस-पंचवीस माणसं अंगणात बसली होती. व्हरांड्यात रेंजर साहेब उभे होते. बिरजूनं ताडपत्री बाजूला केली आणि नवे हेडक्लार्क त्यांना दिसले: कपाळावर टेंगूळ, अर्धा निळा सदरा, आईच्या शेजारी बंगईवर हलत.

मी तसाच बसून ऑर्डर पुढं केली. साहेबांनी घड्याळ पाहून सही केली. मग डोमाची चिठ्ठी वाचली, दोनदा. "पण गुणवंतराव, तुमचं क्वार्टर कुडाचं आहे. वर बांबू. बंगई टांगाल कुठं?"

टांगायला जागा नाही म्हणजे उतरवायची. उतरवली म्हणजे फळी. फळी म्हणजे जप्त, आणि जप्तीची सही हेडक्लार्कची, म्हणजे माझी.

अख्ख्या कचेरीत जाड सागवानी तुळई एकच होती, व्हरांड्याची. ट्रक उलटा व्हरांड्याला लावला. बसलेल्यांतले आठ जण उठले, एका दसरू नावाच्या धिप्पाड माणसानं पुढाकार घेतला, आणि बंगई जमिनीला न टेकवता मायसकट उचलून व्हरांड्यात टांगली गेली. माय एकदाही उतरली नाही. अंगणातल्या लोकांना वाटलं, नवा साहेब म्हणजे हीच. त्यांनी तिला जोहार केला. मी मागून बरणी घेऊन उतरलो, तर मला एकानं पोतं उचलायला सांगितलं.

सरकारी व्हरांड्यात खाजगी वस्तू ठेवता येत नाही, म्हणून त्याच दुपारी मी नव्या हेडक्लार्कला शोभेल अशा वळणदार अक्षरात कचेरीच्या टेबल-खुर्च्यांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद केली: बंगई, सागवान, एक नग, व्हरांडा. काम कायद्यात बसल्याचं मला फार समाधान वाटलं.

तीन वर्षं माय रोज दहाच्या ठोक्याला माझ्याबरोबर कचेरीत येत होती. डाव्या अर्ध्यावर बसायची. उजव्या अर्ध्यावर आता पासासाठी आलेलं कुणीही बसायचं. कधी सुकरी, कधी बुधरी, कधी दसरूचा म्हातारा. त्यांचं सगळं ऐकून झालं की खिडकीतून आवाज यायचा, "गुणवंता, याचं काऊन अडवून राह्यला? लिव ना पास!" साहेबांसमोर मी मान खाली घालून पास लिहायचो. कचेरीत एकही अर्ज तुंबून राहिला नाही. वर्षअखेरीच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, काम समाधानकारक. कुणाचं ते लिहिलं नाही.

मग माझी सिरोंचाला बदली झाली. मी या वेळी शहाणा झालो होतो. आधी पासाचा अर्ज केला. साहेबांनी डेडस्टॉक रजिस्टर उघडून माझंच वळणदार अक्षर मला दाखवलं. "बंगई सरकारी मालमत्ता आहे, गुणवंतराव. बाहेर नेता येत नाही."

मी मायकडं गेलो. ती झोका न थांबवता म्हणाली, "तू जाय बाबा. सून आहे, लेकरू आहे संगं. मी इथीच बरी हाओ."

दुसऱ्या दिवशी अंगणातल्या लोकांनी साहेबांकडं अर्ज दिला. खाली त्रेसष्ट अंगठे. भागीरथाबाईंची बदली करू नये, त्या गेल्यास जनतेची गैरसोय होईल, असा मजकूर होता. नियमाप्रमाणं आवक रजिस्टरात त्याची नोंद मीच केली. शेवटी माझ्याबद्दलही एक ओळ होती, म्हणून मी आशेनं चष्मा पुसून वाचली.

"हेडक्लार्क नेल्यास हरकत नाही."