मामाजींनी नाकारलेल्या कादंबऱ्या

आमचे मामाजी लाडवाच्या डब्यातला वरचा लाडू कधी घेत नाहीत. वरचा थर बाजूला सारायचा, मनगटापर्यंत हात आत घालायचा आणि तळाचा लाडू काढून तो उजेडात फिरवून बघायचा, ही त्यांची रीत. त्यांच्या गावचा, नेरचा मिठाईवाला ते दुकानाची पायरी चढताना दिसले की डबे काउंटरच्या खाली ठेवतो.

मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजीच म्हणतात; पुण्याच्या लोकांचा यात गोंधळ होतो, पण त्याला आमचा इलाज नाही. नेरच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यात, त्यांनी जन्मभर ग्रेडरचं काम केलं. कापसाची गाडी आली की वर चढायचं, खांद्यापर्यंत हात खुपसायचा, पोटातला कापूस मूठभर ओढून काढायचा. मग तो दाबून ओल बघायची आणि बोटांनी ताणून धाग्याची लांबी बघायची. "वरचा माल सगळ्याइचाच चांगला राह्यते," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नोकरी सुटली, हात काही सुटला नाही.

कोथिंबिरीची जुडी ते मधून उसवून घेतात. पेपर मधल्या पानापासून वाचतात. वैशालीचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, स्थळ आलं तेव्हा ठरलेल्या दिवशी हे गेलेच नाहीत. दोन दिवस आधी भर दुपारी न सांगता गेले. नवरदेव बनियनवर विहिरीची मोटर दुरुस्त करत होता. मामाजींनी तिथेच होकार दिला. आजही जावयाची ओळख करून देताना ते सांगतात, "मधून हात घालून पाह्यलेला आहे."

एकाच गाडीसाठी त्यांनी हा नियम मोडला. माझ्या आजोबांची, म्हणजे आत्याच्या वडिलांची गाडी जिनिंगवर आली की हे हात मागे बांधून उभे राहायचे. वरूनच बघायचे आणि माल पास. मालकाने विचारलं, "काहून? या गाडीत हात घालत नाही?" तर म्हणाले, "भरवशाचा माल आहे." आजोबा गावभर आपल्या कापसाची ख्याती सांगत फिरले. बापाची शिदोरी घेऊन आत्या त्याच गाडीवर बसून यायची, हे त्यांच्या ध्यानात पुढच्या वर्षी यांच्याकडून लग्नाची बोलणी आली तेव्हा आलं. त्या वर्षी कापसात चांगली ओल होती, असं आत्याच हसून सांगायची.

आत्या गेली आणि मामाजी नेरच्या घरात एकटे उरले. पोरगी नागपूरला, पोरगा प्रशांत पुण्याला, मी यवतमाळला, लोहाऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात. कोणाकडे राहायला या म्हटलं तर म्हणत, "कायले? इथं मले काय झालं?" तेव्हा वैशालीने डोकं चालवलं. घरातल्या घरात एक वाचन क्लब काढू. महिन्याला एक जुनी, गाजलेली कादंबरी, सगळ्यांनी वाचायची आणि मग फोनवर चर्चा. आणि कादंबरी कोणी निवडायची? घरातल्या थोरल्या माणसाने. हे सुचवलं मी. तेव्हापासून प्रशांत माझ्याशी जरा तोडूनच बोलतो.

दिवाळीच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला, पुस्तक निवडायला, चौघांचा फोन जुळला. वैशालीने एक जाडजूड कादंबरी काढली, लेखकाची थोरवी सांगायला लागली. मामाजींनी तिला थांबवलं. "ते वरचं झालं. डोळे मीट, मधून उघड, अन् वाचून दाखव." तिने पानभर वाचलं. त्या पानावर नायिका रडत होती. मामाजींनी निकाल दिला, "ओल आहे. वजन वाढवाले पाणी मारलं आहे."

पुढच्या रविवारी माझी पाळी. मी एक ऐतिहासिक कादंबरी आणली, मधून उघडली, तर राजा दरबारात बोलत होता आणि बोलतच होता. "सरकी जास्त, रुई कमी," मामाजी म्हणाले. प्रशांतने बर्फाळ देशातली एक अनुवादित कादंबरी आणली. तो भराभर वाचत गेला. मामाजींनी दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली, मग म्हणाले, "ताणून पाह्यलं. धागा आखूड आहे, तुटते."

"बाबा, तो जगातला मोठा लेखक आहे."

"असन. गाडीवर नाव कोनाचं आहे ते पाहून भाव देत नसतात."

असं चालू राहिलं. संक्रांत झाली, होळी आली, आमच्या वाचन क्लबाने एकही पुस्तक वाचलं नव्हतं. कादंबऱ्यांची मधली पानं मात्र आमची पुष्कळ झाली. प्रेमात पडलेली माणसं कोण होती ते आम्हाला माहीत नाही, मेलेली का मेली ते माहीत नाही. ऑफिसात कोणी विचारलं, काय वाचताय सध्या, तर मी विषय बदलायची.

शेवटी प्रशांतचा पारा चढला. "बाबा, निवडता निवडता माझी पेन्शन येईल. मतदान घेऊ." घेतलं. गावाकडच्या एका घराण्याची जुनी कादंबरी मी सुचवली होती, ती तीनास एक अशी निवडून आली. आता महिनाभर सगळ्यांनी आपापल्या घरी वाचायचं आणि चर्चेचा फोन थेट महिन्याच्या शेवटी, असंही ठरलं. मला वाटलं मामाजी भांडतील. ते एवढंच म्हणाले, "पंचायत म्हणते तं तसंच."

त्यांची प्रत मी स्वतःच नेऊन द्यायचं ठरवलं. रविवारची सकाळची एसटी धरली आणि नेरला उतरून घरी गेले, तर दार उघडंच. मामाजी स्वच्छ धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून टेबलाशी बसले होते. समोर साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा केलेला. दहाला दोन-चार मिनिटं कमी असतील.

"मामाजी, आज फोन नाही ना. महिन्याच्या शेवटी ठरला."

"माहीत आहे मले. चार्जिंग होऊन राह्यलं त्याचं."

फोनला वायर लावलेली नव्हती. चार्जर खिडकीत पडला होता. मी चहा ठेवला. दहा वाजले. दहा वाजून गेले. मामाजी फोनकडे बघत नव्हते, पण डब्यावरून तो उचलतही नव्हते.

मी पुस्तक पिशवीतून काढून पुढे ठेवलं. "घाला हात. बघा तरी कसा माल आहे."

त्यांनी हात घातला नाही. मुखपृष्ठावरून तळहात फिरवला फक्त. "एक गोष्ट सांगू काय, मीना? पयल्या रविवारी वैशालीनं वाचली ना, ते कादंबरी चांगली होती."

"मग? ओल आहे म्हणालात."

"म्हनलो. प्रशांतची बी चांगली होती. तुह्या राजाची तेवढी खरंच बेकार होती."

"मग काहून नाकारल्या?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "पुस्तक ठरलं असतं तं तुम्ही आपआपल्या घरी वाचत बसले असते. मंग फोन कायचा? तुही आत्या होती तवा घरात बोलनं तिचंच राह्यत होतं, मले बोलाची सवय नाही अन् गरजबी नव्हती. आता आठवडाभर भांड्याचा आवाज येते, तोबी मीच घासतो म्हनून. रविवारी तुम्ही वाचत. प्रशांत अजून तसाच वाचते, लहानपनी पाढे म्हने तसा, घाईघाईनं. वैशाली चिडली का तिच्या मायसारखी वाचते. एकटं लय वाटते मले, बाई. आनखी काय सांगू."

मला रडू आलं. ते लपवायला मी कप विसळायला उठले, आणि विसळून झाल्यावर मामाजींच्याच फोनवरून वैशालीला आणि प्रशांतला फोन लावला. फोन परत साखरेच्या डब्याला टेकवला.

"क्लबात अडचण आली आहे," मी सांगितलं. "पुस्तक पास झालंय, पण अट आहे. घरी एकेकट्याने वाचायचं नाही. दर रविवारी दहाला, फोनवर, पाळीपाळीने, मोठ्याने."

"सगळं पुस्तक?" प्रशांत म्हणाला. "मीनाताई, अशाने वर्ष जाईल."

"जाईल."

वैशाली म्हणाली, "बरं. बाबा आहेत ना समोर? त्यांना म्हणावं, मी पाणी पिऊन आले." प्रशांतने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मी खुर्चीत बसले, सवयीनं डोळे मिटले आणि पुस्तक मधून उघडायला अंगठा घातला. मामाजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मधून नको. वरून वाच."

"वरून?" फोनमधून वैशालीचा घाबरा आवाज आला. "बाबा, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"बरी आहे. भरवशाचा माल आहे," मामाजी म्हणाले आणि हात मागे बांधून, डोळे मिटून बसले.

मी पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले, इतक्या महिन्यांची सवय, निकालाची वाट बघत.

"थांबू नको, बाई," मामाजी म्हणाले. "हळूहळू वाच. पन थांबू नको."