सावरटेंबवरचे दोन अहवाल

सरकारी संशोधन अहवालाचा कुणी प्रबंधात संदर्भ दिला, की त्यातला निष्कर्ष प्रत्यक्षात लागू होतो. तोवर तो कपाटात निपचित पडून असतो. म्हणून शहाणी माणसं आधी अहवाल वाचतात, मग संदर्भ देतात.

वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी वैजयंता ढेबे शहाणीच होती. पण तिचे मार्गदर्शक डॉ. खांबेटे प्रबंध मागून उघडतात. "संदर्भसूची फारच रोडावलीय, जरा भर घाला," ते म्हणाले. मग तिनेही सगळे करतात तेच केलं. ग्रंथालयातल्या अहवाल विभागाच्या सूचीतून काही अहवालांची नावं, ते न वाचताच, उतरवली आणि प्रबंध जमा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावरटेंबहून, तिच्या गावाहून, आईचा फोन आला. "वैजू, वरच्या आळीला कुणीच न्हाई गं. गुरं हायती, चुलीवर भाकरी हाय, माणसं न्हाईत."

आम्ही धावत अहवाल विभागात गेलो. तिथल्या मुजुमदारबाईंनी अहवाल काढून शांतपणे वाचला.

"सावरटेंब. वस्ती निर्मनुष्य झाली आहे, असा निष्कर्ष आहे. अंमल वरून खाली होतो. तुमचं घर?"

"खालच्या आळीत."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत."

"मी संदर्भ काढून टाकते!" वैजयंता रडकुंडीला आली होती.

"जमा प्रबंधातून वगळता येत नाही. पुरवणी जोडता येते. सावरटेंबवर आणखी एकच अहवाल आहे, वन्यजीवांचा. दोन्ही जुळत नसतील तर नंतरचा संदर्भ ग्राह्य. या वेळी तरी वाचून घ्या."

आम्ही तो तिथेच उभ्याने वाचला. वस्तीत माणसं राहतात, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. बिबटे भरदिवसा ओट्यावर वावरतात आणि माणसं दाराबाहेर पडत नाहीत, असंही होतं.

"अर्धाच निष्कर्ष घेता येईल?" मी विचारलं.

"नाही."

वैजयंताने पुरवणी लिहिली. अक्षर नीट काढलं, कारण खाडाखोड चालत नाही. डॉ. खांबेट्यांनी लगेच सही केली. प्रबंधाला आता तुलनात्मक बाजू आली, म्हणाले.

मग तिने गावी फोन लावला. तो बराच वेळ वाजत राहिला. भीतीने मी तिचा दंड घट्ट धरला होता.

"आई? माणसं आली का गं?"

"आली. समदी आली." आई कुजबुजत होती. "हळू बोल. दार खरवडतोय त्यो."

"मी येते, आई. आत्ता निघते."

"येऊ नगंस. अजाबात येऊ नगंस." तिने दाराची कडी पुन्हा चाचपल्याचा आवाज आला. "पर एवढ्यात फोन ठेवू नगंस."