कांदा फोडण्याची रीतसर पद्धत

पोर वाढलं की अंगरखा आखूड होतो, आणि कंपनी वाढली की माणूस आखूड होतो. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. पहिल्या वेळी नवा अंगरखा शिवतात, दुसऱ्या वेळी परिपत्रक काढतात, एवढाच फरक.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या अंगाला जयसिंगआप्पांचा लोखंडी नांगरांचा कारखाना होता. सुरुवातीला कारखाना म्हणजे एक भट्टी, एक बाभळ आणि बाभळीखाली दुपारी भाकरीचं फडकं सोडून बसणारी चार माणसं: भट्टीवरचा मेहमूद, घण मारणारा संपत आणि स्वतः आप्पा. (चौथा बहुधा कुणाचा तरी पाहुणा असे.) आप्पा न्हावरे गावचा कांदा फाळावर ठेवून मुठीनं फोडत, पाकळ्या वाटत, आणि कंपनीचा सगळा कारभार त्या कांद्याबरोबर उरकत.

"आप्पा, उद्या सासुरवाडीला जायचंय."

"जा. येताना हुरडा आन."

रजा मंजूर.

पण नांगर चांगला निघाला. (ही चूक मेहमूदची.) करमाळ्यापासून नगरपर्यंत मागणी आली. भट्ट्या वाढल्या, बाभळ तोडून तिथं कचेरी झाली, आप्पांना आपोआप मिटणाऱ्या दाराची केबिन मिळाली, आणि मुंबईहून डोंगरेसाहेब मॅनेजर म्हणून आले.

डोंगरेसाहेब अभ्यासू. त्यांनी आल्याआल्या कंपनीत आजवर निर्णय कसे झाले याची चौकशी आरंभली. जो तो सांगे, "आप्पांनी कांदा फोडला आन् म्हनले, व्हय." साहेबांनी निष्कर्ष काढला: भरभराटीचे शंभर टक्के निर्णय कांदा फोडल्यावर झाले असून कांद्याविना झालेला निर्णय एकही आढळत नाही. (चौकशीत भाकरी, बाभळ आणि आप्पा यांचाही उल्लेख आला होता; किरकोळ तपशील म्हणून तो वगळला.)

परिपत्रक निघालं. खाली आप्पांची सही. यापुढे कंपनीतील कुणाच्याही अर्जासोबत एक कांदा जोडावा. कामगारांनी तांबडा, कारकुनांनी पांढरा. अर्जदाराने कांदा स्वतः फोडू नये. त्यासाठी कांदा विभाग उघडला. विभागाला पदवीधर अधिकारी मिळाला. त्याची मूठ नाजूक निघाल्यानं फोडायला एक शिपाई आला. त्या शिपायाचं मनगट चोळायला दुसरा आला. आणि या सगळ्यांचं टिपण ठेवायला हेडक्लार्क म्हणून, पायांत बूट घालून, संपत बसला. नांगर थोडे कमी निघू लागले. पण विभागाची प्रगती पाहता ते क्षम्य होतं.

अशात मेहमूदच्या गुलशनचा निकाह ठरला. शुक्रवारी, पाबळला. बापाला बेस्तरवारी निघणं भाग. मेहमूदनं महिनाभर आधी अर्ज आणि तांबडा कांदा देऊन ठेवला होता. निकाहाच्या हप्त्यात, सोमवारी, तो चौकशीला गेला.

"मामा, तुमच्या कांद्याला कोंब आलाय," संपत म्हणाला. "कोंबाचा अर्ज चालत न्हाई."

"महिनाभर फळीवर ठिवल्यावर कोंब न्हाई तर काय दाढी यील?"

"नवा द्या."

मंगळवारी नवा दिला. तो तत्परतेनं फुटला. पण मंजुरी देणारे साहेब पुण्याला गेले होते, आणि फुटलेल्या कांद्याची मुदत दिवस मावळेपर्यंतच.

"संप्या, घण धरायला तुला कुनी शिकवलं रं?"

"तुम्हीच, मामा. पर ते अर्जात लिव्हलेलं न्हाई." संपत बुटांकडं बघत राहिला. "गुलशनला खांद्यावर घिऊन उरुसात फिरवलीया मी. मलाबी यायचंय. माझा पांढरा कवाच वर गेलाय, अजून खाली आला न्हाई."

बुधवारी दुपारी मेहमूद भाकरीचं फडकं घेऊन थेट केबिनीत शिरला. (आपोआप मिटणारं दार उघडायला मात्र परवानगी लागत नसे. ही उणीव पुढं दूर करण्यात आली.) आप्पा चार पुडांच्या डब्यापुढं एकटेच बसले होते. डब्यात सुरीनं कापलेल्या कांद्याच्या गोल चकत्या होत्या, आणि त्या तशाच होत्या.

मेहमूदनं फडकं सोडलं. त्यानं टेबलावर कांदा ठेवला आणि मूठ हाणली. कांदा फुटला, खालची काचही फुटली. काचा बाजूला करून त्यानं पाकळ्या आप्पांपुढं सारल्या.

आप्पांनी एक पाकळी तोंडात टाकली. बराच वेळ चावली.

"कवा हाय निकाह?"

"परवा."

"मंग हितं काय करतूस? जा."

मेहमूद दारापाशी थांबला. "आप्पा, तुम्हीबी चला. पोरगी इचारंल."

आप्पा उठले, टोपी घातली, दारापर्यंत आलेसुद्धा. दारात डोंगरेसाहेब उभे होते. त्यांनी अत्यंत नम्रपणे परिपत्रक पुढं केलं, 'कुणाच्याही' या शब्दावर बोट ठेवलं, मग ते बोट सावकाश खालच्या सहीवर आणलं. आप्पांनी सही ओळखली. जो माणूस कधी मामलेदाराला भ्याला नव्हता, तो आपल्याच सहीपुढं टोपी काढून परत खुर्चीत बसला.

मेहमूदची रजा संध्याकाळी बेकायदेशीर ठरली, कारण अर्जदाराने कांदा स्वतः फोडला होता. पण तोवर मेहमूद शिरूरच्या यष्टीत बसला होता. तो पाबळलाच राहिला. तिथं त्याची भट्टी आहे, आणि दुपारी तो जावयाबरोबर भाकरी सोडतो.

इकडं मालकांचा कांदा तांबडा की पांढरा, याची परिपत्रकात तरतूद नव्हती. त्यासाठी समिती नेमली. गुलशनला मुलगा झाला, तो आता पळतो. समिती अजून बसलेली आहे. आप्पाही.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी उद्या कचेरीत कुणाच्या अर्जावर 'पुढील आठवड्यात पाहू' असं लिहिण्याआधी आपल्या उजव्या हाताचा एकदा वास घेऊन बघावा. साबणानं जात नाही.