हकीकत मोरपंखी शाईची आणि न गेलेल्या पालखीची

दौतीस दंडवत, लेखणीस दंडवत, आणि कोऱ्या कागदास दोन वेळा दंडवत, कारण त्याने कोणाचे काही वाईट केले नाही. शके अठराशे बावीस, शार्वरी नाम संवत्सर, ते सालची ही हकीकत. गडे हो, तुम्ही पुसिले की या राज्यात रंगीत अक्षर का काढीत नाहीत, आणि दफ्तरात मोरपंखी शाईचे नाव निघाले की म्हातारे कारकून उठून बाहेर का जातात. तरी सांगतो. सांगून काही उपयोग नाही, जे व्हायचे ते जाले, पण पुसिले आहे तर ऐका, आणि मध्ये बोलू नका, मज दम लागतो.

तर या राज्याचे राजे बजाजीराजे, वय वर्षे चोवीस, मनाचे मोकळे, हौसेस अंत नाही. त्यांस वडील बहीण एकच, सगुणाबाई, तीस सारे राज्य आक्कासाहेब म्हणे. आक्कासाहेबांस घाटाखालच्या राज्यात दिले होते, यजमान दोन वर्षांमागे निवर्तले, पदरी चार वर्षांची लेक मंजुळा. आणि महाराजांस आईचे सुख नव्हते, आक्कानेच कडेवर वागविले, म्हणून महाराजांचा जीव घाटाखाली.

आणि आश्विन मासी बंदराकडून एक सौदागर आला आणि त्याने पोटात शाई बाळगणारी फौंटनपेने आणिली, दौतीत बुडवायास नको, टाक नको, आणि वर सात रंगांच्या शाईच्या बाटल्या, मोरपंखी, डाळिंबी, जांभळी, शेवाळी, केशरी, विटकरी आणि निळी. महाराजांनी सदरेवरच बैठक मारिली आणि एकेक बाटली उघडून कागदावर आपलेच नाव लिहिले, सात रंगांत सात बजाजी, आणि बोटे अशी रंगली की मुदपाकखान्यात वाढप्याने पुसिले, "महाराज, शिमगा अलीकडे आला काय?" आणि महाराज खदखदा हसले. मग दफ्तरी हुकूम जाला की आजपासून काळी शाई बंद. रोजचे लिहिणे रंगीत, आणि जसा मजकूर तसा रंग. पाऊसपाण्यास शेवाळी, तक्रारीस जांभळी, दुखवट्यास विटकरी, आणि खुशालीस मोरपंखी. वाचायच्या आधीच कळावे की आत काय आहे, असे बोलिले, आणि आम्हां दफ्तरच्या कारकुनांस ती युक्ती फार थोर वाटली. खोटे का बोलू, मजही वाटली.

नारोपंत चिटणीस मात्र राजी नव्हते. पंतांनी चाळीस वर्षे काजळ आणि लाख घोटून शाई केलेली, त्यांच्या नखांत काळे मरेतो राहणार. पंत म्हणाले, "महाराज, या पाण्यास रंग आहे, अंग नाही. काल माझ्या कपाळाचा घाम पडला आणि एक ओळ पळून गेली."

"मग घाम गाळू नका, पंत," महाराज बोलिले, "चाळीस वर्षे गाळिलात, पुरे जाला." आणि सदर हसली, आणि पंतही थोडे हसले. तेथेच ते बोलणे बुडाले.

मग भाऊबीज आली. महाराजांनी ओवाळणी म्हणून एक फौंटनपेन आणि एक बाटली आक्कासाहेबांस धाडिली, आणि बाटली कोणती, तर मोरपंखी. पंतांनी पुसिले की सातही रंग का न धाडावे, तो महाराज म्हणाले, "तिकडून मज दुसरा रंग नकोच. दुःख तिने पुष्कळ लिहिले. आता खुशालीच यावी." आणि पत्रात रंगांचा सगळा कायदा लिहून शेवटी लिहिले की आक्का, तुझ्या वाट्यास हीच आहे, हीच वापर. गडे हो, मायेने केले. मायेनेच केले, त्याचेच तर रडू येते.

आता या राज्याची एक जुनी चाल तुम्ही ऐकून असाल, पण ते समयी ती कशी पाळीत ते सांगतो. परमुलखातून आलेले पत्र म्हणजे पाहुणा. पाहुण्याच्या पायांवर पाणी घालतो तैसे पत्रावरही घालावयाचे, कारण वाटेची धूळ आणि वाटेची दृष्ट कागदासही लागते. चिटणीसाने उंबऱ्यावर पत्र उघडावे, तांब्यातले पाणी ओंजळभर शिंपावे, आणि मग आत आणावे. शंभर वर्षे सारी पत्रे काळ्या शाईची, लाखेची, पाणी पडे आणि मोत्यासारखे घरंगळून जाई. एक अक्षर कधी हलले नाही.

मार्गशीर्षात रायाजी जासूद घाटमाथ्याच्या चौकीवरून आक्कासाहेबांचे पत्र घेऊन आला. पंत तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभे, आणि महाराज तर पाटावरून उठून दारात आलेले, आणि पंतांनी पत्र उघडिले, आणि हात आपल्या चालीने चालला, आणि ओंजळ पडली. आणि आमच्या डोळ्यांदेखत अक्षरे फुटली, ओळी एकमेकींत शिरल्या, आणि सगळा कागद मोरपंखी जाला. फार सुंदर दिसत होता, हे सांगावयास नको, पण दिसत होता. पंतांच्या हातून तांब्या सुटला तो पायऱ्यांवरून ठणठणत खाली गेला आणि कोणी उचलिला नाही.

"महाराज, मज जोड्याने मारा," पंत म्हणाले.

महाराजांनी कागद उन्हात धरिला, उलटा धरिला, नाकाशी धरिला. काही नाही. मग रायाजीस पुसिले, "घाटाखालचा जासूद तोंडी काही बोलला काय?"

"नाही जी. त्याने पत्र दगडावर ठेविले, लांबूनच हाक मारिली की उचला, आणि पाठ फिरविली. म्यां म्हटले, अरे पानतंबाखू तरी घे, तर पळालाच."

"घाटाखालची माणसे लाजाळूच," महाराज बोलिले.

पंत म्हणाले, "महाराज, आताच्या आता स्वार धाडावा आणि मजकूर पुन्हा मागवावा. तीन दिवसांचे काम."

येथे, गडे हो, येथेच. महाराजांचा चेहरा उतरला, आणि हळू बोलिले, "पंत, तिला काय कळवू? की मी मोठ्या तोऱ्याने धाडिलेली शाई ओंजळभर पाण्याने गेली? ती जन्मभर हसेल मज." मग कागदाकडे पाहिले आणि तोंड उजळले. "आणि मागवायाचे कशास? रंग पहा ना. मोरपंखी आहे. खुशाली आहे!" आणि आम्ही सर्वांनी पाहिले, आणि खरेच मोरपंखी होता, आणि सर्वांनी मान डोलाविली. पंतांनीही. उंबऱ्यावरचा अपराध त्यांचा, मग जोराने कोणत्या तोंडाने बोलावे. आणि महाराजांनी त्याच बैठकीस उत्तर लिहिले, मोरपंखी शाईने, की आक्का, तुझे पत्र पावले, मजकूर वाचून बहुत आनंद जाला, असेच वरचेवर लिहावे. रायाजी ते घेऊन गेला, आणि सदरेवर पेढे वाटिले. म्यां दोन खाल्ले.

मग पौष मासी दुसरे पत्र आले. पंतांनी तांब्या घेतला आणि परत खाली ठेविला, तो महाराज म्हणाले की चाल आहे, शिंपा, थोडेच शिंपा. पंतांनी चार थेंब शिंपिले आणि ते थेंब घरंगळून गेले. अक्षर काळे होते. जाड, काडीने ओढल्यासारखे, आणि भोवती तुपाचा डाग. महाराजांनी मोठ्याने वाचावयास घेतले, रीतच तशी, आणि मजकूर ऐसा होता:

"चिरंजीव बजाबास आशीर्वाद. तुझे पत्र पावले. आनंद जाला म्हणून लिहिलेस. येथे गाठीचा ताप आहे, माणसे रानात राहतात, भोई उरले नाहीत. मंजुळेस वर काढावे म्हणून पालखी मागितली होती. मंजुळा शुक्रवारी गेली. आता घाई नाही. तिच्या डबीत काजळ उरले होते, त्याने लिहिले."

वाचून जाले तरी महाराज कागद धरूनच उभे. मग महाराज पंतांस म्हणाले, "दगडावर ठेविले होते पत्र. लांबून हाक मारिली होती, पंत." आणि पंत मट्कन उंबऱ्यावरच बसले.

त्याच दिवशी पालखी निघाली आणि महाराज पुढे पायी. घाट उतरून तिसऱ्या दिवशी रानात झोपड्या दिसल्या, आणि एका झोपडीबाहेर आक्कासाहेब तांदूळ निवडीत बसल्या होत्या. महाराजांनी पायांवर डोके ठेविले आणि म्हणाले, "आक्का, अक्षर धुतले गेले. मज वाचताच आले नाही."

"मग तसे लिहायचे होतेस, बाळा," आक्कासाहेब म्हणाल्या. "आनंद जाला का लिहिलेस?" आणि याउपर त्या विषयी एक शब्द बोलिल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. महाराजांस वाटे, दोन शिव्या तरी द्याव्या.

मग माहेरी यावयास निघाल्या, पण पालखीत बसेनात. मंजुळेचा खणाचा परकर पालखीत गादीवर ठेविला, पडदा सोडिला, आणि आपण शेजारून चालत घाट चढल्या. भोई सांगत की ओझे नव्हते, तरी खांदे दुखले.

महाराजांनी सातही रंगांच्या बाटल्या वेशीबाहेर खड्ड्यात ओतविल्या. पंतांनी पुन्हा काजळ घोटिले, पण तांब्यास हात लाविला नाही, आणि उंबऱ्यावरची चाल तेव्हापासून मोडली ती मोडलीच. पहिले पत्र दफ्तरात तसेच आहे. वर्षातून एकदा महाराज ते मागवितात, खिडकीशी धरून बसतात, आणि परत देतात. अजून काही दिसत नाही.

एकूण, रंग सात आले आणि सातही गेले, पत्रे दोन आली आणि एक वाचावयाचे राहिले, पालखी एक गेली ती उशिरा गेली. जैसे पाहिले तैसे सांगितले. पेढे म्यां दोन खाल्ले होते, हेही लिहून ठेवा.