कवळी आणि क्रॅनबेरीची चटणी

"आज स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं नाही. चटणी मी करणार!" दातांच्या डॉक्टरांनी सकाळीच जाहीर केलं. बायकोने कपाळाला हात लावला.

पण प्रश्न अब्रूचा होता. सासऱ्यांची कवळी डॉक्टरांनी स्वतः बसवलेली, आणि सासरे गावभर सांगत सुटले होते, "सैल आहे हो! बोललो की खडखडते." उद्या ते चक्क पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे निघाले होते. आता सांगा, घरचा सासराच फिरला, तर बाकीचे पेशंट कशाला थांबतील? म्हणून आज त्यांना जेवायला बोलवायचं, मऊसूत चटणी खाऊ घालायची आणि कवळी हलत नाही हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असा बेत होता.

क्रॅनबेरी, साखर, आलं, व्हिनेगर. पातेल्यात फळं फटाफट फुटली, पण चटणी पातळच! डॉक्टरांनी आणखी साखर ओतली, आणखी उकळली.

"अहो, पुरे! गार झाली की आपोआप घट्ट होते ती!" बायको दारातून ओरडली.

"दातांचे साचे घेण्यात हयात गेली माझी. काय कधी घट्ट होतं ते मला शिकवू नकोस!"

तासाभराने चटणी ताटात पडली. सासऱ्यांनी चमचाभर तोंडात टाकली, दोनदा चावली. तिसऱ्यांदा जबडा उघडलाच नाही.

"म्म्म्!"

"बघा, आवडली!" डॉक्टरांनी आणखी दोन चमचे वाढले.

सासऱ्यांनी जोरजोरात हात हलवले. डॉक्टरांनी आणखी वाढली.

"आवडली असती तर बोलले असते," सासूबाई घाबरल्या. "चाळीस वर्षांत हा माणूस जेवताना गप्प बसलेला नाही!"

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी बोट डॉक्टरांवर रोखलं.

"अहो, काय बोललात तुम्ही बाबांना?" बायको कडाडली.

"मी? मी कुठे काय बोललो?" डॉक्टरांना काही म्हणता काही कळेना.

सासऱ्यांनी हवेत लिहून दाखवलं, तशी सासूबाईंनी हंबरडाच फोडला, "अगं बाई, मृत्युपत्र!"

कागद आला. सासऱ्यांनी लिहिलं, "तोंड चिकटलंय, गाढवा!" जावयाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

कोमट पाण्याच्या दहा गुळण्या झाल्या, तेव्हा कुठे जबडा सुटला. सासऱ्यांनी बोटाने कवळी हलवून पाहिली. पुन्हा पाहिली.

"हलत नाही!"

डॉक्टरांची छाती फुगली. "मग उद्याचं जाणं रद्द ना, बाबा?"

"रद्द म्हणजे काय, रद्दच! त्या डॉक्टरला कुठे अशी चटणी येते? एक बरणी भरून द्या, जावईबापू."

सासऱ्यांचं तोंड मोकळं झालं आणि बातमी गावभर गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दवाखाना उघडला, तर बाहेर ही रांग! सगळे त्यांचेच जुने, कवळीवाले पेशंट.

आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बरणी.