कच्चा डाग

कळंबच्या धोंडिबाअण्णांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही. त्यांनी माझ्या पर्सचा बंद धरला आणि दोनदा ओढला. मी साठीकडे झुकलेली निवृत्त शिक्षिका, रस्ता वाहता, आणि समोर एक टोपीवाला माणूस माझी पर्स ओढतोय! मी ओरडणार एवढ्यात ते म्हणाले, "डाव्या अंगाची शिवण गेलीय बाई. आठ दिसांत तुटंल." सहाव्या दिवशी तुटली.

अण्णा सगळंच ओढून बघतात. खुर्चीची पाठ, दाराची कडी, गिऱ्हाइकाच्या शर्टाचं बटण. कुणाच्या लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी मांडवाची दोरी ओढून येतात. "वढून बघा" हा त्यांचा मंत्र, आणि त्यांच्या जगात गोष्टी दोनच प्रकारच्या, कच्च्या आणि पक्क्या. त्यात चहा आला, पाहुणे आले, पुढारी आले. पुढाऱ्यांत पक्का त्यांना अजून सापडलेला नाही.

जुन्या रस्त्यावर त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. फवारणीचे पंप, मिक्सर, भजनी मंडळाचा कर्णा, एखाद्या म्हाताऱ्याचा रेडिओ. माझं तिथे काय काम? तर मला व्हिडिओ गेम बनवायचा होता.

हसू नका. मंचरला मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या काळी एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि शाळा बुडवून तिथे बसलेल्या पोरांना मी कान धरून बाहेर काढत असे. पण हातात कान आणि नजर पडद्यावर, अशी माझी अवस्था. तो टोपीवाला ठेंगू खड्ड्यांवरून टुणटुण उड्या मारायचा, आणि पुढच्या खड्ड्यात पडतो की वाचतो हे न बघताच मला निघावं लागायचं. निवृत्त झाल्यावर मी तसला खेळ घरी जोडायचं सामान मागवलं. एक दांडा, सहा बटणं, एक बोर्ड आणि तारांचा हा एवढा गुंता. "बायका निवृत्त झाल्या की भजनाला जातात," आमचे हे म्हणाले. मी कळंबला गेले. मुलांना वीज शिकवण्यात जन्म गेला, पण दोन तारा जोडायची वेळ स्वतःवर कधी आली नव्हती.

अण्णांनी मला सरावाला एक भंगारातला बोर्ड दिला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "बाई, डाग पडलं का?"

"एकही नाही अण्णा," मी अभिमानाने सांगितलं. "पुसून लखलखीत ठेवलाय."

पलीकडे काहीतरी ओढून बघितल्याचा आवाज आला. मग, "आन् दोन दिस केलं काय?"

आपण ज्याला सोल्डरिंग म्हणतो त्याला अण्णा डाग म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं. "आमचा बा आजारी मेंढराला डाग द्यायचा, मी रेडिओला देतो. मेंढरू निदान लाथ तरी मारायचं."

मग शिकवणी सुरू झाली. दर गुरुवारी. "तार तापवा, शिसं तापवू नका. तार तापली की शिसं आपसूक येतं. आन् आता गप. डाग बसंस्तवर हलायचं न्हाई, बोलायचं न्हाई." तीस वर्षं जिने वर्गाला गप्प बसवलं तिला गप्प बसवणारा हा पहिलाच भेटला. मला आणखी एक खोड होती. गरम दिसलं की मी फुंकर मारायची, आणि फुंकर मारली की डाग कच्चा. चकाकण्याऐवजी राखेसारखा दिसतो आणि ओढला की सुटतो. अण्णा तो उपटून माझ्या तळहातावर ठेवायचे. वर्गात चुकलेली वही परत करताना माझा चेहरा असाच दिसत असणार.

एकदा चहा पिताना ते बायकोबद्दल बोलले. ती जाऊन चार वर्षं झाली. "म्हनायची, गावाला डाग देत फिरता, माझ्या अंगावर एक डाग न्हाई." इकडे दागिन्यालाही डागच म्हणतात. हे सांगून ते हसले, आणि उगाचच कपाचा कान ओढून बघत बसले.

सहाव्या गुरुवारी माझा खेळ तयार झाला. "शेवटचा डाग मी देतो," अण्णा म्हणाले. घरी मी चार दिवस खेळले. यांचा चहा दोनदा उतू गेला. पाचव्या दिवशी उडीचं बटण बंद पडलं. उघडून बघते तर अण्णांचाच डाग सुटलेला! राखेसारखा. मी शिकलेल्या हाताने तो पक्का केला आणि गुरुवारी खेळाचा डबा घेऊन ऐटीत कळंबला पोहोचले.

अण्णा एकेक तार ओढत गेले. उडीच्या बटणाशी आले, ओढली. हलली नाही.

"ह्यो कुनी दिला?"

"मी! तुमचा चक्क कच्चा निघाला अण्णा."

त्यांनी चष्मा काढला. "पक्का हाय," ते म्हणाले. "मग बाई, आता तुमचं काय काम ऱ्हायलं न्हाई हितं."

तेवढ्यात लोणी गावचे एक शेतकरी फवारणीचा पंप घेऊन आले. "अण्णाचं काम लई भारी," ते मला म्हणाले. "पन महिन्याभरात एक तार सुटतीच. मंग यायचं, च्या प्यायचा, गप्पा हाणायच्या न् जायचं." अण्णा मान खाली घालून पंप उघडत होते. मला माझ्या हुशारीची इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा घेतला नाही.

घरी येऊन मी उडीच्या बटणाचा डाग वितळवला आणि नवा दिला. मुद्दाम कच्चा. सांगते, सोपं नाही ते. पहिले दोन पक्केच बसले, हात ऐकेना. तिसऱ्या वेळी जोरात फुंकर मारली.

पुढच्या गुरुवारी डबा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. "उडी बंद पडली," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला, डाग उजेडाकडे धरला.

"फुंकर मारली."

"सवयीनं, अण्णा."

"बाई, येवढा बेतानं कच्चा डाग चुकून पडत न्हाई. त्याला पक्का हात लागतो."

मग त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे घेतलं, त्याचे चारही पाय एकेक करून ओढून बघितले, आणि म्हणाले, "बसा."